पडलेल्याला वळसा

क्लेमेंटी, सिंगापूर
रविवार, ६ जुलै २०२५

प्रिय सुलेखाताई,

फोनवर चैत्राली शेजारीच असते, म्हणून लिहिते आहे. ईमेल असला तरी पत्रासारखा वाच, आणि एकटीने वाच.

काल मी पहिल्यांदा आपल्या मुलींच्या बँडचा सराव पाहिला. शाळेला पन्नास वर्षं होताहेत. एकोणीस तारखेच्या शनिवारी होमकमिंग आहे. जुने विद्यार्थी परत येणार आणि बँड त्यांच्यासमोर संचलन करणार. आम्ही काही पालक बर्फ आणि पाण्याचे खोके घेऊन मैदानाच्या कडेला उभे होतो. तुझी लेक बास ड्रम वाजवते हे ऐकून माहीत होतं. प्रत्यक्षात तो ड्रम एवढा मोठा आहे की समोरून मुलगी दिसतच नाही, फक्त दोन हात आणि खाली दोन पाय. साठ मुलं तिच्या ठोक्यावर पाऊल टाकतात. आमची इरा तिच्यामागे दोन रांगा सोडून, क्लॅरिनेट घेऊन. जानेवारीत माझ्याकडे शिकायला आली तेव्हा जेवायला ये म्हटलं तरी दचकणारी चैत्राली काल मला म्हणाली, "मावशी, इथे वाजवताना कुणी हसत नाही गं. आम्ही पथकात गाल दुखेपर्यंत हसायचो. मी हसले की सर म्हणतात, चैत्राली, टीथ." घरी ती सोफ्याच्या उशीवर सराव करते. उशीला मधोमध खळगा पडला आहे.

एक गोष्ट सांगायची आहे. संचलन चालू असताना बासरीवाली एक मुलगी उन्हाने कोसळली. कुणी थांबलं नाही. मागच्या रांगा तिला दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेल्या आणि पुढे पुन्हा जुळल्या. कडेच्या लोकांनी तिला उचलून सावलीत नेलं, पाच मिनिटांत ती लिंबूपाणी पीत होती. बँडचे शिक्षक मिस्टर गोह म्हणाले, थांबलं की मागचे तिच्यावर पडतात; उचलणं हे कडेला असणाऱ्यांचं काम. माणूस काळजी घेणारा आहे. कुंपणाला उष्णतेचं मीटर टांगलेलं असतं, वीस मिनिटांनी पाणी म्हणजे पाणी. त्यांचं म्हणणं मला पटलं. बसमध्ये बसले आणि पटेनासं झालं.

मार्चमध्ये बँडचा आरोग्याचा फॉर्म आला होता. 'व्यायाम करताना मूल कधी बेशुद्ध पडलं आहे का?' तू म्हणालीस, नाही लिही. मी नाहीच्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. गेल्या वर्षी गणपतीआधी ती ढोलपथकाच्या सरावात पडली, डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि पुढच्या तपासण्या होईपर्यंत दमायचं नाही असं बजावलं, हे सगळं मला ठाऊक असताना. ऑफिसात असा फॉर्म भरणाऱ्याला मी तीन-तीन मेल पाठवते. रॅफल्स प्लेसला माझा पगार असे फॉर्म तपासण्याचाच आहे.

त्या तपासण्या झाल्या का? डायरीत पाहिलं. फेब्रुवारीतही मी हे विचारलं होतं, तू 'बघू' म्हणालीस. फॉर्म अजून दुरुस्त करता येतो. एक ओळ लिहायची आहे.

तुझी,
मेधा


पुणे
बुधवार, ९ जुलै

प्रिय मेधा,

शाळेतसुद्धा तू बरोबर उत्तर खोडून पुन्हा तेच लिहायचीस आणि पुरवणी मागायचीस. माझी मावशी, तुझी आई, म्हणायची, ही मुलगी स्वर्गात गेली तरी पत्ता बरोबर आहे का म्हणून दारात उभी राहील.

ती पडली त्या दिवशी सकाळपासून तिच्या पोटात एक केळं होतं. कमरेला ढोल, वर पत्रा तापलेला. मी असते तर मीही पडले असते. कार्डिओग्रामात 'थोडं वेगळं' दिसतंय म्हणाला तो पोरगेला डॉक्टर. थोडं वेगळं म्हणजे काय ते त्यालाही सांगता आलं नाही. मग तुमच्या तिकडची प्रवेश परीक्षा आली आणि तपासण्या राहिल्या. अभयला मी फक्त चक्कर आली एवढंच सांगितलंय. कार्डिओग्रामचं कळलं असतं तर त्याने लेकीला गेटपाशीही सोडलं नसतं.

कागदावर एकदा आलं की सुटत नाही, मेधा. तिथला स्टुडंट पास रिन्यू करताना विचारतील, कॉलेजात विचारतील, उद्या स्थळं बघताना कुणीतरी कुठूनतरी काढेल. आणि बँडमधून काढलं तर त्या पोरीकडे तिथे उरतं काय? तूच लिहितेस की ती आता हसते.

राग मानू नकोस, पण बास ड्रमसाठी इरानेही नाव दिलं होतं ना? चैत्राली बोलता बोलता म्हणाली. लेकीचं मन मोडलं की आईला लागतंच, मी समजू शकते. ते यात मिसळू नकोस एवढंच.

तुझी,
सुलेखाताई


क्लेमेंटी
रविवार, १३ जुलै

प्रिय ताई,

इराबद्दल लिहिलंस ते लागलं. लागलं म्हणून मी स्वतःला विचारून पाहिलं.

मार्चमध्ये ड्रम चैत्रालीला मिळाला तेव्हा इरा दोन दिवस धड जेवली नव्हती. त्या वेळी माझ्या मनात आलं होतं की फॉर्म खरा भरला असता तर ड्रम इराला मिळाला असता. डायरीत ते वाक्य आहे, तारखेसकट. आता मी मिस्टर गोहना जाऊन सांगितलं तर ते चैत्रालीच्या काळजीने असेल की त्या वाक्यामुळे, हे मला खरंच सांगता येत नाही. उद्या जाऊन सांगायचं ठरवलं होतं. थांबते आहे. मन स्वच्छ आहे अशी खात्री झाल्याशिवाय दुसऱ्याच्या मुलीचं नुकसान करणं बरं नाही.

उद्यापासून होमकमिंगचा आठवडा. रोज शाळा सुटल्यावर सराव. गेटवर जुन्या बॅचचे फोटो लावलेत. १९८३ च्या फोटोत मिस्टर गोह स्वतः ट्रम्पेट घेऊन उभे आहेत, केसांसहित. मुली फार हसल्या.

बुधवारी रस्त्यावरचा पूल चढताना चैत्राली मध्येच कठडा धरून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही मावशी, ड्रमचा ठोका आठवला." इरा म्हणाली, "मम्मी, शी ओके लाह. तू टू मच काळजी." तरीही मी रजा काढून तिला इथे हृदयाच्या डॉक्टरांकडे नेते. तू फक्त हो म्हण. पालकांची संमती लागेल.

तुझी,
मेधा


पुणे
मंगळवार, १५ जुलै

प्रिय मेधा,

तिकडे नको. तिकडे तपासलं की तिकडच्या कॉम्प्युटरात जाईल. डिसेंबरात सुट्टीला येईल तेव्हा इथे सगळं करून घेऊ, देवाशपथ.

इरावरून बोलायला नको होतं मी. पण बघ, तू स्वतःच कबूल केलंस.

टोपीत तिची वेणी मावते का? नाहीतर अंबाडा घाल आणि चार पिना जास्त लाव, तिचे केस घसरतात. आणि शनिवारी लिंक वेळेवर पाठव. अभय दर तासाला विचारतो.

सुलेखाताई


क्लेमेंटी
गुरुवार, १७ जुलै

प्रिय ताई,

सगळं ठीक आहे. युनिफॉर्म कमरेत सैल होता, टाके घातले. अंबाडा जमतो. लिंक खाली दिली आहे. तुमच्या साडेआठला सुरू होईल.

मेधा


पुणे
शनिवार, १९ जुलै, सकाळी सात

मेधा,

अभयने लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवलाय आणि इस्त्रीचा शर्ट घातलाय, जसं काही तिला तो तिकडून दिसणार आहे. शेजारची शैला पोहे करून आणते आहे. बास ड्रम म्हणजे कुठला ते मी तिला कालपासून तीनदा समजावलं.

चैत्रालीला सांग, हसलीस तरी चालेल. सर काय म्हणतील ते म्हणू देत.

सु.


पुणे
शुक्रवार, २२ ऑगस्ट

मेधा,

हॉस्पिटलात तीन दिवस काढून चैत्राली गेली, त्याला आज महिना झाला.

आम्ही तिला घेऊन परत आलो तेव्हापासून तुला लिहिलं नाही. विमानतळावर तू माझा हात धरलास तो मी सोडवून घेतला, ते तुझ्या लक्षात असेल. तेव्हा कुणाचाच हात नको होता.

अभय रोज ते रेकॉर्डिंग लावतो. शाळेने काढून टाकलं, पण त्याने उतरवून ठेवलं होतं. ड्रम बंद होतो, ती खाली जाते, आणि ती पोरं तिला वळसा घालून जातात. छोटे ड्रम वाजतच राहतात. अभयने पावलं मोजली आहेत. चोवीस. चोवीस पावलं माझी लेक जमिनीवर आणि बँड चालू. वळसा घालणारी पाचवी मुलगी इरा आहे. ते मी त्याला दाखवलेलं नाही, त्यानेच ओळखलं.

त्याने शाळेकडे तक्रार केली आहे. त्या गोहला कामावरून दूर ठेवलंय आणि चौकशी समिती नेमली आहे. त्यांना मैदानावर हजर असलेल्या पालकाचं लेखी निवेदन हवंय. तू कडेला होतीस. तू लिही की आठवडाभर उन्हात राबवलं, पाणी द्यायला उशीर केला, मुलं दमली तरी थांबू दिलं नाही. अभयला कुणीतरी हवंय, मेधा. कुणीच नसेल तर तो वेडा होईल.

एवढं माझ्यासाठी कर.

सुलेखाताई


क्लेमेंटी
रविवार, २४ ऑगस्ट

प्रिय ताई,

ते मी लिहू शकत नाही. तसं झालं नाही.

त्या दिवशी ढग होते. मीटरचा आकडा मी स्वतः वहीत टिपला होता, मर्यादेच्या खूप खाली. संचलनाआधी पाणी मीच वाटलं. ती पडली तेव्हा सगळ्यांत आधी मिस्टर गोह पोचले, माझ्याही आधी. मी पालकांच्या तंबूतून निघाले आणि मध्ये वाट बघत उभी राहिले की ती आता उठेल, त्या बासरीवालीसारखी. किती वेळ ते मी अनेकदा आठवून पाहिलं. मिस्टर गोह पांढऱ्या गणवेशात गुडघे टेकून तिची छाती दाबत होते आणि मोठ्याने आकडे म्हणत होते. शॉक द्यायचं मशीन त्यांनीच मागवलं. ॲम्ब्युलन्स आली तरी ते हात काढत नव्हते.

आता जे तुला माहीत नाही ते. गुरुवारी, सतरा तारखेला, सरावानंतर ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, "मिसेस रिसबूड, चैत्राली मला फिकी वाटते. तिला काही त्रास आहे का? मी तिला बाहेर बसवू शकतो, दुसरी मुलगी तयार आहे." दुसरी मुलगी इरा होती. ते नाव ऐकलं आणि मी म्हणाले, "घरची आठवण येते तिला, बाकी काही नाही." मला वाटलं, हो म्हटलं तर मी तो ड्रम इरासाठी घेतला असं होईल. घरी येऊन तुला लिहिलं, सगळं ठीक आहे.

आणि हॉस्पिटलमध्ये. डॉक्टरांनी विचारलं, याआधी ती कधी अशी पडली होती का? अभयराव म्हणाले, नाही, कधीच नाही. त्यांनी खरं सांगितलं, त्यांना माहीत होतं तेवढं. तू फरशीकडे बघत होतीस. मी तुझ्याकडे बघत होते. पोस्टमॉर्टेममध्ये काही सापडलं नाही; हृदयाच्या ठोक्याच्या आजारात पुष्कळदा सापडत नाही म्हणतात. म्हणून तर सगळे ऊन आणि सराव एवढंच बोलताहेत. पालकांच्या ग्रुपवर मिस्टर गोहबद्दल जे येतं ते मी तुला पाठवणार नाही.

इराने क्लॅरिनेट परत केली. जिना उतरताना ती ओठांत आकडे मोजते, चोवीस झाले की थांबते आणि पुन्हा एकपासून. परवा म्हणाली, "मम्मी, मी थांबले असते तर?" मी म्हटलं, तुला शिकवलं तसं तू केलंस, तुझी चूक नाही. ती म्हणाली, "देन हूज?" मी म्हटलं, कुणाचीच नाही.

येत्या शुक्रवारी, २९ ला, मी समितीसमोर जाऊन सांगणार आहे की मला माहीत होतं आणि मी नाहीवर खूण केली. मला कसं माहीत होतं हे ते विचारतील. मी खोटं सांगणार नाही. तोवर पाच दिवस आहेत. अभयरावांना तू सांग, ताई. कागदावरून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे.

हे मी मन हलकं करायला करते आहे का? असेलही. जुलैत मी हेतू तपासत बसले. आता नाही तपासणार.

मेधा


पुणे
मंगळवार, २६ ऑगस्ट

मेधा,

उद्या गणपती. आमच्याकडे यंदा बसवत नाही आहोत. चौकात तिचं पथक वाजवणार आहे. आज दुपारपासून दुरून ऐकू येतंय. अभयने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. तरी येतं.

एक ओळ लिहायची होती तुला, जुलैत. तूच लिहिलं होतंस, एक ओळ. तेव्हा तुझ्या हाताला ती जमली नाही. मी नको म्हटलं, हो, म्हटलं. मी अडीच हजार मैलांवर होते. तिला पुलाचा कठडा धरून उभी राहिलेली मी पाहिली नव्हती, तू पाहिलीस. गोहने तुला विचारलं, मला नाही. सही तुझी आहे. आणि आता मुलगी गेल्यावर तुला खरं बोलायची हौस आली. कुणासाठी? त्या माणसाला दुसरी शाळा मिळेल. मला दुसरा नवरा नाही की दुसरी लेक नाही.

अभयला कळलं तर तो माझ्या हातचं पाणी पिणार नाही. ओरडणार नाही तो. नुसता उठून जाईल. तुला तो माहीत आहे.

मी हात जोडते. तुझ्यासमोर कधी जोडले नव्हते. शुक्रवारी जाऊ नकोस. गेलीस तर पुन्हा ताई म्हणू नकोस.

सुलेखा


क्लेमेंटी
रविवार, ३१ ऑगस्ट

ताई,

तरी ताई लिहिते आहे. शेवटचं.

मी गेले होते. तिघं जण होते, उपमुख्याध्यापिका आणि बाहेरचे दोघे. फॉर्म माझ्यासमोर ठेवला. मी सांगितलं, मी लिहून दिलं. माहिती कुणाकडून मिळाली हे विचारलं. मी म्हटलं, आईकडून. 'नाही' लिहायला कुणी सांगितलं हेही विचारलं. मी म्हटलं, सांगितलं तिनेच, पण हात माझा होता, आणि तिला जे दिसत नव्हतं ते मला रोज दिसत होतं. पुढे पोलीस मला बोलावतील असं ते म्हणाले. ऑफिसलाही कळवावं लागेल. तिथे मी नसेन बहुतेक. निशिकांतला सगळं सांगितलं आहे. इराला डबा तो करून देतो.

बाहेर पडताना मिस्टर गोह कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते, त्यांना नंतर बोलावलं होतं. ते उठून उभे राहिले. म्हणाले, "आय आस्क्ड यू, मिसेस रिसबूड." आवाज चढवला नाही. ते पुन्हा बसले.

समिती तुम्हा दोघांना आठवडाभरात अधिकृत मेल पाठवेल. अभयरावांचाही पत्ता त्यात आहे. तू अजून सांगितलं नसशील तर हा आठवडा आहे.

इराला मी अजून सांगितलेलं नाही. समितीला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, तिला नाही. शाळेतून तिच्या कानावर येईल हे कळतं. सोफ्यावर ती त्या उशीशेजारी बसते, उशीवर नाही. मी तिच्यासमोर जाते आणि काहीतरी दुसरंच विचारते.

मेधा


पुणे
शनिवार, १३ सप्टेंबर

चि. इरास सुलेखामावशीचा आशीर्वाद.

तुझा वेगळा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तुझ्या आईच्या मेलवर पाठवते आहे. हे पत्र तिला नाही, तुला आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे चैत्राली सांगायची, म्हणून सोपं लिहिते.

तू पाचवी होतीस. तू डावीकडून गेलीस आणि जाताना तुझी मान तिच्याकडे वळली. बाकी कुणाची वळली नाही. मी ते खूप वेळा पाहिलं आहे. आधी मला तुझा राग यायचा. आता मी फक्त ती मान बघते.

तू थांबली असतीस तरी चैत्राली वाचली नसती. तिच्या हृदयात दोष होता. तो मला आधीपासून माहीत होता. ती इथे पथकात एकदा पडली होती, डॉक्टरांनी तपासायला सांगितलं होतं, मी तपासलं नाही. शाळेच्या फॉर्मवर ते लिहू नको असं मी तुझ्या आईला सांगितलं. तुझ्या आईलाही माहीत होतं. तिने लिहिलं नाही. तुमचे सर विचारायला आले तेव्हाही ती बोलली नाही. तुला माहीत असतं तर तू सरांना सांगितलं असतंस. तुला कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा आकडे मोजू नकोस. ती पावलं तुझी नाहीत.

अभयकाकांना मी सांगितलं नाही. मेल आला तेव्हा ते टेबलाशी बसले होते, मी पोळ्या करत होते. वाचून झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला आणि नाशिकला त्यांच्या भावाकडे गेले. दहा दिवस झाले. फोन उचलतात आणि ठेवतात. मी इथे एकटी आहे, पण ठीक आहे, शैला येऊन जाते.

ती उशी धुऊ नका. तुला हवी असेल तर तू ठेव.

पत्र वाचायला जड गेलं तर आईला वाचून दाखवायला सांग. पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, काही न गाळता. तू तिच्यासमोर बस आणि ऐक.

तुझी,
सुलेखामावशी